वन मोर फॉर साउंड

पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज सकाळी चहाबरोबर ऐकला. पहिल्यांदा तू काय म्हणतेस ते ऐकलं. दुसऱ्यांदा, शूटिंगवर आवाज घेण्यात आयुष्य गेलेल्याची खोड जात नाही म्हणून, तुझ्यामागचं ऐकलं. जिन्यात उभी होतीस. खाली कुणीतरी लोखंडी दार सरकवलं आणि तिथून पुढे तुझा आवाज एकदम उतरला. युनिटमधलंच कुणी असणार. म्हणजे स्वतःच्या कामाबद्दल बोलायलासुद्धा तुला जिन्यात जावं लागतंय. डोकंच फिरलं. उलट मेसेज करणार होतो, पण मी रागात भराभर बोलतो, म्हणून लिहायला बसलो.

तू सांगितलंस ते असं. वाईजवळचा वाडा, आजीचं काम करणाऱ्या बाईंचा लांबलचक प्रवेश, एकाच शॉटमध्ये. शेवटच्या दोन वाक्यांवर मागच्या मळ्यातला पाण्याचा पंप सुरू झाला. तू ‘वन मोर फॉर साउंड’ म्हणालीस, आवाजासाठी आणखी एक टेक मागितलास. दिग्दर्शक म्हणाला, ‘राहू दे गं, एआय काढेल ते,’ आणि युनिट हसलं. तू पुढे काही बोलायच्या आत ट्रॉलीचे रूळ उचलायला सुरुवात झाली. आता अंधेरीच्या एका स्टुडिओत नोकरी चालून आलीय. दुसऱ्यांनी आणलेला आवाज साफ करायचा, महिन्याच्या महिन्याला पगार, रविवारी सुट्टी. घेऊ का, असं विचारतेस.

नोकरीचं शेवटी बोलू. तू मागितलेला टेक बरोबर होता हे तुला पक्कं माहीत आहे, ते माझ्याकडून वदवून घ्यायला तू मेसेज केलेला नाहीस. खुपलंय ते हसणं. त्यावर माझ्याकडे औषध नाही. मला हसले, माझ्या आधीच्यांना हसले असतील. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि तू कंटाळलीस तरी मी तीच सांगणार आहे. जागेवरचा आवाज जागेवर घ्यायचा. मिळाला नाही, तर त्याच मिनिटाला, तिथेच, सगळ्यांसमोर सांगायचं.

आता त्या एआयचं. म्हातारा नव्या यंत्रांना नावं ठेवतोय असं समजू नकोस, ती सॉफ्टवेअर मी वापरली आहेत. पंख्याची घूंऽ, एसी, विजेची ५० हर्ट्झची हम, असले एकसुरी आवाज ती काढतात आणि झकास काढतात. तुझा पंपही काढतील कदाचित. पण जाताना सोबत काय काय नेतात ते चांगल्या हेडफोनवर ऐक. पहिल्यांदा जातात श्वास. मग आपले ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’. ‘आम्ही’चं ‘आमी’ होतं, ‘उन्हात’चं ‘उनात’. साताऱ्याकडची आजी तसंही ‘आमी’च म्हणेल, पण ते तिने म्हणायचं, सॉफ्टवेअरने नाही. आणि पंपाऐवजी शेजारच्या घरात कुणी बोलत असतं तर? माणसाच्या आवाजातून माणसाचा आवाज काढताना शब्दांचे कसे लचके तुटतात, ते त्या दिग्दर्शकाला एकदा बसवून ऐकव.

तुझ्या नव्या रेकॉर्डरला ३२ बिट फ्लोट आहे, ‘आता लेव्हल बघायलाच नको’ असं मागे म्हणाली होतीस. तेव्हाच बोलणार होतो. कुणी अचानक किंचाळलं तर फाइल फुटत नाही, एवढाच त्याचा उपयोग. माइक चार फूट लांब असेल तर तो चार फूट लांबच राहतो. रिकाम्या खोलीचा घुमारा शब्दाला चिकटला की तो कितीही बिटांनी सुटत नाही. माइक तोंडाजवळ न्यायचा कंटाळा करणारी माणसं महागडी मशिनं घेतात, असं माझं मत आहे. तू त्यातली होऊ नकोस.

हे ‘नंतर बघू’ आजचं नाही गं. गंमत बघ, आपल्या बोलपटाची सुरुवात नेमकी उलटी आहे. १९३१ सालचा ‘आलम आरा’. आर्देशिर इराणींचा स्टुडिओ रेल्वेरुळांजवळ होता, दिवसभर गाड्यांची धडधड. मग त्यांनी काय केलं? गाड्या थांबल्या की रात्री शूटिंग करायचं. ‘नंतर बघू’ म्हणायला ‘नंतर’ असं काही नव्हतंच, चित्राबरोबर आवाजही त्याच वेळी घ्यावा लागायचा. माइक सेटवर लपवायचे. वझीर महंमद खानांनी गायलेलं गाणं हार्मोनियम आणि तबल्याच्या साथीवर तिथेच, कॅमेऱ्यापुढे मुद्रित झालं. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये तो लागला. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही, त्यामुळे ते सगळं ऐकायला कसं होतं ते तुला-मला कळायचा मार्ग नाही. पण पुढच्याच वर्षीचा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आहे, तो ऐक. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे स्वतः गातात. खरखर आहे, पण नट उभा राहिला त्या जागेतला आवाज आहे.

मग १९३५ पासून पार्श्वगायन आलं, त्याबद्दल तक्रार नाही. बिघडलं ते पुढे, साठ-सत्तरच्या दशकांत, सगळे उठून बाहेर शूटिंगला जायला लागले तेव्हा. हातात कॅमेरा ॲरी टू-सी. हलका, दणकट, आणि सुरू झाला की खडखड खडखड. त्या खडखडाटात संवाद घ्यायचा तो फक्त डबिंगला आधार म्हणून, पायलट ट्रॅक. पायलट घेणाऱ्या माणसाला सेटवर काय किंमत असणार? मी या धंद्यात आलो तेव्हा तोच काळ होता. नाग्रा खांद्याला, बारा मोठे सेल घातलेलं ते स्विस टेप-मशीन, पाच इंची रीळ सेकंदाला साडेसात इंच वेगाने जेमतेम सोळा मिनिटं चालायचं. एवढं वाहायचं, आणि शेवटी त्यातलं एक अक्षर पडद्यावर जायचं नाही. डबिंग थिएटरमध्ये फिल्मचा तुकडा गोल जोडून फिरवायचे, लूप. महाबळेश्वरच्या धुक्यात रडलेली नटी मे महिन्यात मुंबईत, दुपारच्या जेवणानंतर, त्याच चार शब्दांवर परत परत रडायची. ओठ जुळले की झालं. तिचा घसा त्या थंडीत कसा बसला होता हे फक्त माझ्या रिळावर होतं आणि ते रीळ कुणी ऐकायचं नाही.

डबिंगवाल्यांना मी कमी लेखत नाही. परळच्या राजकमलमध्ये मंगेश देसाईंसारखा माणूस मिक्सिंगला बसायचा, आणि तसे कान पुन्हा झाले नाहीत असं माझ्या पिढीतला कुणीही सांगेल. पण त्यांच्यापर्यंत जे पोहोचायचं ते आपण पोहोचवायचं ना?

एक गोष्ट सांगतो. त्या काळातली आहे, मावळातली. जात्यावरच्या ओव्यांवर एक माहितीपट चालला होता. वयस्कर बाई, त्यांच्या सोप्यात जातं. दिग्दर्शकाला जात्याची घरघर नको होती, शब्द स्वच्छ हवे होते. त्याने बाईंना अंगणात, मोकळ्यावर बसवलं आणि म्हणाला, म्हणा. बाई गप्प. हसल्या, पदर नीट केला, एक ओळ म्हणाल्या, दुसरी आठवेना. त्याला वाटलं कॅमेऱ्याला बुजल्या. चहा झाला, पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. मग त्यांची सून म्हणाली, ‘जात्यावर बसल्याबिगर त्येंना याचं न्हाई.’ आत नेलं. खुंटा हातात आला, दोन फेरे झाले आणि बाई जे सुटल्या ते मी रीळ बदलायला हात वर करीपर्यंत. लेकीवर, भावावर, सासरवर. जात्याचा फेरा पुरा होतो तिथे ओळ मोडत होती. दाणे घालायला हात जायचा तेवढा श्वास. अंगणात कुठून येणार होतं ते?

आणि माइक कुठे होता विचार. वरून बूम, म्हणजे लांब काठीच्या टोकाचा माइक, नेला असता तर तोंडाच्या रेषेतच खाली जातं, सगळी घरघर आत. म्हणून मी जात्याच्या पुढे जमिनीवर आडवा पडलो आणि चारशेसोळा, म्हणजे रोखू तिकडचंच ऐकणारा लांबट माइक, खालून वर, त्यांच्या हनुवटीकडे रोखला. जातं माइकच्या पाठीकडे गेलं. जात्याखाली घडी घातलेलं पोतं सरकवलं. घरघर गेली नाही, जायलाही नको होती, पण मागे सरकली आणि शब्द पुढे आला. शर्टभर पीठ. ते सगळं करायला किती वेळ लागला असेल? चहा प्यायला लागला त्याहून कमी.

त्या रिळांचं पुढे काय झालं तेही ऐक. माहितीपटात गेल्या जेमतेम दोन ओव्या. बाकी टेप पुसून पुढच्या कामाला वापरली, टेप महाग होती आणि ती निर्मात्याची होती, माझी नव्हती. माझ्याकडे काही नाही. त्या बाईंचा आवाज कुठेच नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आवाजासह ‘पारी’ या वेबसाइटवर ऐकता येतात. मी अधूनमधून ऐकतो. आपल्या बाईंसारखं कुणी सापडतं का म्हणून ऐकतो असं म्हटलंस तरी चालेल. बायका घरात बसून गातायत, मागे कोंबडं, पोर, भांडं. कुणीतरी तिथे जाऊन, तिथेच घेतलं म्हणून ते आहे.

तेव्हापासून मी हट्टी झालो. आधी नव्हतो.

तुमच्या पिढीला वारा अनुकूल आहे, हेही सांगायला हवं. २००१ मध्ये ‘लगान’ आला, कच्छच्या उघड्या माळावर इतक्या माणसांत जागेवरचा आवाज घेतलेला, नकुल कामते आणि एच. श्रीधर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि निर्माते पहिल्यांदा ‘सिंक साउंड’, म्हणजे चित्राबरोबरच जागेवर घेतलेला आवाज, हे शब्द स्वतःहून बोलायला लागले. २००९ मध्ये रसूल पूकुट्टींना ऑस्कर मिळालं तेव्हा तर ओळखीपाळखीतले आईबाप मला फोन करून मुलाला साउंडला घालू का विचारायचे. त्याच वर्षीच्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पुरस्कारात लोकेशन साउंडचा वेगळा पुरस्कार सुरू झाला. २०१४ चा तो आपल्या मराठीला मिळाला, ‘ख्वाडा’ला. धनगरांचं बिऱ्हाड, मेंढरं, उघडं रान. माळावरचा माणूस जसा बोलतो तसा त्याला डबिंगच्या काचेआड उभा करून बोलायला लाव बरं! त्या बाईंचं अंगणात झालं तेच होईल. आपल्या सिनेमात आज गावागावांतली, कधी कॅमेरा न पाहिलेली माणसं दिसतात, आणि ती खरी वाटतात. दिग्दर्शक मुलाखतीत कास्टिंगबद्दल बोलतात. बोलोत बापडे.

आता कामाचं. हट्ट करायचा म्हणजे दर शॉटला हात वर करायचा असं नाही. तू ते करतेस असा मला संशय आहे, रागावू नकोस. लांबचा शॉट आहे, पुढे त्याच संवादाचा क्लोज लागणार आहे, तर लांबच्यात पंप वाजो नाहीतर विमान जावो, गप्प राहायचं. आवाज क्लोजमधून घेता येतो. चोवीस फ्रेमच्या हिशेबाने बघ, चौदा मीटर लांबून आवाज यायलाच एक फ्रेम उशीर होतो. तिथला आवाज तसाही कुणी वापरणार नाही. पण तू म्हणतेस तसा एकच शॉट असेल, मागे-पुढे काही नसेल, तर तिथे हलायचं नाही. म्हणजे शॉटविभागणी आदल्या दिवशीच सहायकाकडून मागून घ्यायची. कुठे भांडायचं ते रात्रीच ठरलेलं असलं की सकाळी आवाज कापत नाही.

मागायचं कसं? ‘कट’ आणि ‘ओके’ यांच्या मधल्या फटीत. ‘ओके’ एकदा तोंडातून गेलं की ते मागे घ्यायला दिग्दर्शकाचा मान आड येतो. आणि नुसतं ‘साउंडचा प्रॉब्लेम आहे’ म्हणायचं नाही, त्याला काही अर्थ नसतो. कोणतं वाक्य, कोणता शब्द, कशामुळे, ते सांगायचं. ‘‘परत येऊ नकोस’ वर पंप आला, ‘नकोस’ गेला.’ दिग्दर्शकाला ते वाक्य प्रिय असतं, तो थांबतो. दुसरा टेक मिळणारच नसेल तर त्याच क्षणी वाइल्ड ट्रॅक, म्हणजे नुसत्या आवाजाचा टेक, मागायचा. कॅमेरा नको, दिवे नको, फक्त नट त्याच जागी, त्याच बैठकीत, अंगात तो प्रसंग आहे तोवर. नंतर व्हॅनिटीत जाऊन घेतलेला वाइल्ड ट्रॅक वाइल्ड ट्रॅक नव्हे, ते डबिंगच.

आणि जागा बघायला जात जा. कॅमेरावाला जातो, आर्टवाला जातो, साउंडवाल्याला कुणी बोलावत नाही. न बोलावता जा, एसटीने जा. ज्या वेळेला शूट आहे त्याच वेळेला जाऊन नुसतं बस. शाळा कधी सुटते, देवळातला भोंगा कधी लागतो, पत्र्यावर माकडं येतात का. जनरेटर कुठे लावणार ते विचार आणि लांबची केबल मागवून ठेव, कारण त्या दिवशी ती ‘विसरलेली’ असते. फ्रीज बंद केलास तर तुझ्या गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेव, म्हणजे घरमालकाचं दूध नासायच्या आत तुला आठवण होईल. हे जुनं आहे, पण अजून फ्रीज बंद राहतात.

रूम टोन, सगळे गप्प असतानाचा त्या जागेचा आवाज, घेतेस ना? पूर्ण मिनिट? खरं सांग. सगळे दमलेले असतात, जेवण लागलेलं असतं, वीस सेकंदांत कुणीतरी खोकतं आणि तू ‘झालं’ म्हणतेस. मला माहीत आहे.

मालिकांबद्दलही विचारलं होतंस मागे. मी घोडबंदर रोडच्या बंगल्यांत बरीच वर्षं काढली, घराचे हप्ते होते, त्यात लाजायचं काही नाही. रोजच्या रोज भाग द्यायचा म्हटल्यावर तिथे कॉलर माइकशिवाय गत्यंतर नाही. काठपदराची साडी, त्यावर मंगळसूत्र, आणि माइक नेमका वाट्यांच्या खाली. नायिका सासूला उत्तर देते तेव्हा प्रेक्षकाला वाटतं चिल्लर मोजतायत. वाट्यांच्या मागे मायक्रोपोरची पट्टी लावायची, माइक चार बोटं बाजूला, पदराच्या आतून. तू बाई आहेस त्याचा इथे उपयोग आहे, नट्या तुझ्याकडून निवांतपणे लावून घेतात. आमच्या वेळी निम्मा वेळ संकोचात जायचा. आणि तिथेही, त्या घाईतही, बूम लावत जा. पुढे त्यावर कुणीतरी ढॅण-ढॅण संगीत फासणार आहे हे दिसत असलं तरी लाव. फासायचं की नाही हे त्यांनी ठरवू दे. ‘आमच्याकडे होतं काय फासण्याशिवाय?’ असं त्यांना म्हणता येऊ नये.

कान जप. हेडफोनचा आवाज कमी ठेव, जनरेटरजवळ उभी राहून फोनवर बोलू नकोस, वरातीच्या डीजेसमोर नाचायचं असेल तर कानात बोळे घाल. मी हे केलं नाही असं नाही, थोडंफार केलं. तरी वय झालं की वरचे सूर जातातच. आता पावसाळ्यात बायको म्हणते, रातकिडे किती ओरडतायत. मी खिडकी उघडून उभा राहतो आणि मला पाऊस ऐकू येतो, बस.

माझ्याबद्दल तू सेटवर काय ऐकलं असशील याची मला कल्पना आहे. ‘त्यांनी गिरणीसाठी शूट बंद पाडलं होतं.’ ऐकलंयस ना? मग नीट ऐक. कोकणातलं गाव होतं, रंगभूमीवरचे एक जुने नट, त्यांचं स्वगत, मध्येच पिठाची गिरणी सुरू झाली. दिग्दर्शक ‘ओके’ म्हणाला. मी म्हणालो, नाही. स्वतः चालत गिरणीवर गेलो. डबे घेऊन लोक उभे होते, गिरणीवाला म्हणाला, एवढं दळण उरकू दे. वाजवी बोलला. मी येऊन सांगितलं, अर्धा तास. तोवर उजेड गेला आणि शॉट दुसऱ्या दिवसावर पडला. पण त्या दिवशी जेवण तासभर उशिरा आलं होतं हे कुणी सांगतं का? उजेड जेवणाने खाल्ला, नाव गिरणीचं झालं, म्हणजे माझं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शॉट असा झाला की दिवेवाले वर बसून ऐकत होते. निर्मात्याने मला पुन्हा बोलावलं नाही.

पुढचं कुणी सांगत नाही ते मी सांगतो. निर्माता इरेला पेटला होता, सबंध चित्रपट डब करायचा ठरवला, माझ्यावर सूड म्हणून असं मला वाटतं. नटवर्य डबिंगला आले ते नवी कवळी बसवून! ‘स’चा ‘श’, ‘च’वर शिट्टी. दोन दिवस प्रयत्न केले. शेवटी गुपचूप माझी रिळं काढली आणि तेच स्वगत चित्रपटात गेलं. समीक्षकांनी त्यांच्या आवाजाची तारीफ केली. मला फोन नाही, चिठ्ठी नाही. मी पहिल्या खेळाला पिटात तिकीट काढून बसलो होतो.

असो. हे सांगायचं नव्हतं, वाहवत गेलो. पण मी तेव्हा बरोबर होतो आणि आजही तसाच गिरणीवर चालत जाईन. त्या हट्टापायी चांगली कामं गेली. काही मित्र बोलेनासे झाले, त्यातला एक आता नाही, आणि त्याच्याशी मिटवायचं राहिलं, ते सलतं. काम कमी मिळालं, त्याची झळ घरच्यांना लागली. हे सगळं धरून सांगतोय. जागेवरचा आवाज जागेवर घ्यायचा.

तर नोकरी. भाडं थकलं असेल तर घे. भाड्यापुढे तत्त्वज्ञान सांगायला मी कोण, मीही हप्ते भरले. पण ‘तेही साउंडचंच काम आहे’ असं स्वतःला सांगून घेऊ नकोस. तिथे तुझ्यापुढे दिवसभर दुसऱ्यांनी न मागितलेले टेक येतील. कुणाचा तरी पंप, कुणाची तरी गिरणी. तुला ते साफ करता येईल, हात चांगला आहे तुझा. मला एवढंच वाटतं की वर्षभरात तुला त्याची सवय होईल आणि तू फोनवर कुणाला तरी म्हणशील, पाठव, काढते. भाडं थकलेलं नसेल आणि तू केवळ त्या हसण्यामुळे जात असशील, तर मला पुन्हा विचारू नकोस, माझं उत्तर तुला आवडणार नाही.

आणि हे सगळं उद्यानंतर ठरव. तुझ्या म्हणण्याप्रमाणे युनिट गुरुवारपर्यंत वाड्यातच आहे. मळेवाल्याला गाठ. शेतीला थ्री फेज कधी येते आणि कधी जाते ते त्याला पाठ असणार, या आठवड्यात दिवसाची पाळी आहे की रात्रीची ते विचार. लाइट नसते त्या वेळेला पंप लागायचाच नाही, कुणाच्या पाया पडायला नको. त्या वेळेत आजीबाईंना त्याच कोपऱ्यात, त्याच पाटावर बसव. तीच साडी, कारण पदराचा आवाजही तोच हवा. त्यांना आख्खा प्रवेश पहिल्यापासून म्हणू दे, नुसती दोन वाक्यं मागू नकोस, दोन वाक्यांपुरता माणूस तिथवर पोहोचत नाही. त्या नाही म्हणणार नाहीत. जुन्या बायका आहेत, त्यांना या गोष्टी कळतात. दिग्दर्शकाला आधी सांग, परवानगीसारखं नाही, माहिती म्हणून: ‘सकाळी साडेसहाला मी आजींचा ट्रॅक घेतेय, दहा मिनिटं.’ आला तर हेडफोन त्याच्या कानावर चढव. नाही आला तर फाइलला नीट नाव दे, सीन नंबर, शॉट नंबर, आणि एडिटरला स्वतः फोन करून सांग की असं असं आहे. नाहीतर ती फाइल हार्ड डिस्कमध्ये पडून राहील आणि त्यांचा एआय पंप काढत बसेल.

वाड्याच्या सोप्यात घुमतं असं म्हणालीस. माझ्याकडे माळ्यावर जाड ब्लँकेटं पडून आहेत, सहा-सात असतील, वास येतो पण काम देतात. वाईला परत जायच्या आधी इकडून जा आणि घेऊन जा. रिक्षाचं भाडं मी देईन. बूमचा पोल मात्र मागू नकोस, तो देणार नाही.